गडीअम्मापासून नऊ साखळ्या

"अक्का, टेप तुमच्या स्वयंपाकघरातून न्यावी लागेल. स्वल्प वाट द्या," असं म्हणत रघुपतींनी दाराबाहेर चपला काढल्या आणि सरळ आत आले. त्यांच्या मागून आणखी दहा जण. एकाच्या हातात मोजपट्टीचं चाक, एकाच्या हातात खडू, बाकीच्यांच्या हातात मोबाइल.

मी कढीपत्त्याची काडी हातात धरून तशीच उभी राहिले. चार वर्षांपूर्वी माझा भाऊ मल्हारराव गेला. त्याच्या तेराव्यानंतर या घरात एका वेळी दोनापेक्षा जास्त माणसं आली नव्हती. आणि आता बघते तर ओट्यापाशी अकरा जण, त्यातला एक माझ्या मिक्सरवर वही ठेवून आकडे लिहितोय!

"अहो, पण मोजताय काय?"

"रेल्वे," रघुपती म्हणाले. "तुमच्या ओट्यावरून जाते की माझ्या हॉलमधून, ते बघतोय."

हे सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं बरं का. मी तुम्हाला मराठीत सांगतेय एवढंच. आमचं घराणं बेंगळुरात येऊन साडेतीनशेच्या वर वर्षं झाली, असं वडील सांगायचे. घरात मराठी टिकली, पण ती उंबऱ्याच्या आत. के. आर. पुरमच्या मागच्या आमच्या वसाहतीत, नंजप्पा लेआउटमध्ये, चौथ्या क्रॉसवर म्हणजे चौथ्या आडव्या गल्लीत मराठी बोलायला मला एकच माणूस होता, माझा भाऊ. तो गेल्यावर मी देवाशी तेवढी मराठीत बोलायचे. देव काही उलट बोलत नाही, त्यामुळे त्यात मजा नाही.

त्या वेगवान रेल्वेच्या प्रस्तावानं तेव्हा सगळ्या शहराला येड लावलं होतं. पेपरात रोज एक नकाशा, आणि रोज वेगळा. बनशंकरीला राहणारी माझी ऑफिसातली जुनी मैत्रीण फोनवर म्हणायची, सकाळी चेन्नईला जाऊ, साडी घेऊ, दुपारी जेवायला घरी. तिच्या घरापासून ती रेल्वे कोसभर लांब, तिला बोलायला काय जातंय! येलहंकाकडे दलालांनी मोकळ्या माळावर पाट्या ठोकल्या, 'प्रस्तावित स्टेशन पाच मिनिटांवर'. कुठली पाच मिनिटं? या गावात पाच मिनिटांत माणूस गल्लीच्या तोंडाशीसुद्धा पोचत नाही. एक रिक्षावाला मला म्हणाला, "येऊ दे की अम्मा. विमानासारखे येतील आणि स्टेशनाबाहेर दोन तास माझ्याच रिक्षात बसतील." तळी वाचवा म्हणणारी पोरं चौकात फलक धरून उभी राहायची, आणि त्यांच्याच शेजारी रेल्वे हवी म्हणणारी दुसरी पोरं. चहा दोघंही एकाच टपरीवर प्यायची.

आमच्या लेआउटला मात्र घाम फुटला, तो पेपरातल्या एका जाहिरातीनं. बाधित होऊ शकणाऱ्या जमिनींच्या यादीत आमच्या जुन्या गावाचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, सर्व्हे नंबर एक्केचाळीस, हिस्सा तीन. हरकती पाच आठवड्यांनी, जनसुनावणीत. आता आमचं अख्खं लेआउटच एक्केचाळीसमध्ये. त्यातला हिस्सा तीन कुठला, हे कुणाच्या बापाला ठाऊक? रघुपती बँकेतून रिटायर झालेले, तिथे कोपऱ्यावर राहतात, आणि गल्लीच्या कमिटीचे आपणहून अध्यक्ष. त्यांनी कुठून तरी जुन्या मोजणीच्या कागदाची नक्कल काढून आणली. तिच्यात लिहिलं होतं की कोपऱ्याच्या दगडापासून पूर्वेला नऊ साखळ्यांवर हिस्सा तीन सुरू होतो आणि त्याची रुंदी दोन साखळ्या.

कोपऱ्याचा दगड शोधायला कुणाला जावं लागलं नाही. पिंपळाच्या पारावर नागाच्या दगडांशेजारी आमची गडीअम्मा बसलेली आहे. कन्नडमध्ये गडी म्हणजे शीव. मूळचा तो मोजणीचा दगड. बायकांनी त्याला हळद लावली, कुणी डोळे बसवले, झाली अम्मा. शुक्रवारी आम्ही सगळ्याजणी तिथे जातो. तर मंडळींनी अम्माच्या पायापाशी टेपचं टोक धरलं आणि मोजत मोजत माझ्या स्वयंपाकघरात आले होते.

"एक साखळी म्हणजे सहासष्ट फूट," मिक्सरवाल्यानं वाचून दाखवलं. "गूगलवर आहे."

इथे माझी जीभ वळवळली. "गूगलनं कधी साखळी ओढलीय? आपल्याकडची जमिनीची साखळी तेहतीस फुटांची. सोळा आणे म्हणजे एक साखळी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्हाला कसं माहीत, अक्का?"

"छत्तीस वर्षं सर्व्हे ऑफिसात ट्रेसर होते मी. नकाशावर पातळ कापड पसरून रेघ न् रेघ शाईनं उतरवायची, हेच काम. गल्लीत राहते मी, रघुपती. फक्त कुणी विचारलं नाही."

मग हिशेब बदलला. नऊ तेहतिसं दोनशे सत्याण्णव. टेप मागे गुंडाळली गेली आणि टोक येऊन थांबलं ते बरोबर माझ्या मोरीच्या भिंतीशी. तिथून पुढे सहासष्ट फूट म्हणजे माझी मागची खोली, आणि शेजारचं आख्खं घर. काय पण शहाणपण केलं मी! गप्प बसले असते तर रेल्वे पलीकडच्या क्रॉसवर गेली असती.

शेजारच्या घरातली मुलगी त्या घोळक्यातच होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिला नावानं ओळखत नव्हते. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर राहायला आलेली, कॉम्प्युटरवाली, सकाळी जाते, संध्याकाळी येते. मी मानी, ती कामात. वातावरण हलकं करावं म्हणून मी सगळ्यांना कॉफी टाकली, आणि अकरा जणांचं दूध एका भांड्यात तापवायच्या नादात हात भाजून घेतला.

"आई गं!" मी ओरडले.

ती पोरगी गर्रकन वळली. "काकू! तुम्ही मराठी आहात?"

चार वर्षांनी माझ्या घरात कुणीतरी माझ्या भाषेत बोललं. हात भाजलाय हेच मी विसरले.

तिचं नाव अश्लेषा. पुण्याची. नवरा अभिमन्यू. त्या दिवसापासून ती रोज साडेसहाला यायला लागली. आधी कागद घेऊन, मग नुसतीच. मला म्हणायची, "काकू, तुम्ही 'बरं बरं'च्या ऐवजी 'सरी सरी' काय म्हणता हो सारखं? आणि 'जेवलीस काय गे' म्हणता ना, किती क्यूट वाटतं!" मी म्हणायचे, "क्यूट का काय ते असू दे, भाकरी खा आधी." तिला माझी मराठी जुन्या पेटीतल्या लुगड्यासारखी वाटायची आणि मला तिची मराठी अर्धी इंग्रजी. पण दोघींना दोघींचं सगळं कळायचं. तिच्या आईशी ती फोनवर बोलली की फोन माझ्या हातात द्यायची. तिला ताप आला तेव्हा मी रव्याची लापशी नेऊन भरवली. एकदा ती माझ्या पलंगावर बसल्याबसल्या झोपून गेली, आणि मी तासभर दिवासुद्धा लावला नाही, जाग येईल म्हणून.

बाकीची गल्लीही यायची. कुणी खरेदीखत दाखवायला, कुणी पावती, कुणी उगाच. "अक्का, एवढं बघा." माझा जुना चष्मा, भिंग, पट्टी सगळं बाहेर आलं. दाराची कडी दिवसभर लागायची नाही. खरं सांगते, मला सोन्याचे दिवस आले. लोकांची घरं जायची भीती आणि मला सोन्याचे दिवस! लाज वाटायला हवी होती.

आता मूळ गोष्ट सांगते.

मोजणी झाली मंगळवारी. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी गडीअम्माला पाणी घालायला गेले. हळद धुतली गेली आणि दगडाच्या बाजूला छिन्नीनं कोरलेली बाणाची खूण दिसली. बाण रस्त्याकडे तोंड करून असायला हवा होता. तो पिंपळाकडे बघत होता. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

अठ्ठ्याऐंशी साली मोठा रस्ता रुंद केला, तेव्हा हा दगड रस्त्यात येत होता. खरं तर उचलून टाकायचा. पण बायका हळद लावत होत्या, त्यामुळे गावानं टाकू दिला नाही. नारळ फोडून, वाजतगाजत तो पारावर नेऊन बसवला. मूळ जागेपासून पूर्वेला सव्वातीन साखळ्या. ती दुरुस्ती नकाशावर उतरवायला माझ्याच टेबलावर आली होती. जुन्या जागेवर मीच तांबड्या शाईची फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'दगड हलविला, मोजणीस ग्राह्य नाही.' रघुपतींची नक्कल त्याच्या आधीची.

म्हणजे सगळंच शंभर फुटांनी मागे सरकत होतं. हिस्सा तीन म्हणजे आमची गल्ली नव्हेच. तो पाराकडचा नाला आणि नाल्याकाठचं रिकामं, पडकं गोदाम. चौथ्या क्रॉसवरचं एकही घर जात नव्हतं.

मी धावत सुटायला हवं होतं. देवळाची घंटा बडवून सांगायला हवं होतं. मी सावकाश घरी आले, भात लावला, आणि साडेसहाची वाट बघत बसले.

उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच. मग एक छान सबब सापडली. असं गल्लीत सांगून कोण ऐकणार, सुनावणीत सगळ्यांसमोर, साहेबांसमोर सांगितलं म्हणजे त्याला वजन येईल. किती शहाणी मी! खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं. आज सांगितलं की उद्यापासून दाराला कडी. पाच आठवडे, फक्त पाच आठवडे मिळू देत, एवढंच मी गडीअम्माकडे मागत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला रोज खवखवत होतं आणि रोज मी खात होते.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी अश्लेषा आली ती बसलीच नाही. ओट्याला टेकून उभी राहिली.

"काकू, अभिमन्यू म्हणतोय घर विकून टाकू. ऑफिसनं पुण्याला ट्रान्सफर ऑफर केलीय त्याला. एक माणूस घ्यायला तयार आहे. कमी देतोय, पण अभिमन्यू म्हणतो, नंतर कुणी तेवढंही देणार नाही."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला नाही जायचं. ही माझी पहिली स्वतःची भिंत आहे हो, काकू. लहानपणापासून भाड्याच्या घरांत राहिलो आम्ही. त्या भिंतीला खिळा मारताना सुद्धा मी रडले होते." मग तिनं माझा हात धरला. "तुम्ही इतकी वर्षं हेच काम केलंय. खरं सांगा. आमचं घर जाईल?"

जिभेवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण माझ्या मनानं हिशेब केला तो असा, की घाबरून कुणी दोन आठवड्यांत घर विकत नाही. आणि सुनावणीत मी उठून सांगेन तेव्हा ही पोरगी सगळ्यांसमोर मला मिठी मारेल. बसल्याजागी मनातले मांडे!

"कोण सांगावं गे बाई," मी म्हटलं. "सरकारचं काम. थांब की जरा."

ती हसली, मान हलवली आणि गेली. त्यानंतर ती कमी यायला लागली. ऑफिसात काम वाढलंय म्हणाली. मी विश्वास ठेवला, कारण तेच सोयीचं होतं.

सुनावणी एका कल्याण मंटपात होती, आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून खांबांवर. पाचशे माणूस. पुढे तीन साहेब, त्यांच्यामागे पडद्यावर नकाशा. तळंवाली पोरं बोलली, व्यापारी बोलले, एकानं तर रेल्वे आमच्याच दारात थांबवा म्हणून अर्ज दिला. रघुपती वीस मिनिटं बोलले आणि सगळ्यांना हातात हात धरून उभं राहायला लावलं. मग मी हात वर केला.

साखळी, दगड, नारळ, तांबडी शाई, साल, महिना, सगळं सांगितलं. मधल्या साहेबांनी कुणाला तरी लॅपटॉपवर जुना नकाशा काढायला लावला. मग पडद्यावर ती फुली आली. माझी फुली. खाली माझं बारीक अक्षर.

"अम्मा बरोबर सांगताहेत," साहेब म्हणाले. "हा हिस्सा नाल्याकडचा. या लेआउटमधली घरं यात येत नाहीत. आणि अजून हा नुसता प्रस्ताव आहे, हेही लक्षात घ्या."

काय तो गोंधळ! टाळ्या, शिट्ट्या. रघुपतींनी खांबावरची झेंडूची माळ ओढून माझ्या गळ्यात घातली. बायका पाया पडल्या. मी त्या गर्दीतून फक्त एक चेहरा शोधत होते.

अश्लेषा मागच्या रांगेत बसली होती. ती उठली नव्हती. गर्दी विरळ झाल्यावर मीच तिच्यापाशी गेले, गळ्यात माळ तशीच.

"ऐकलंस न गे? तुझी भिंत राहिली."

"बुधवारी रजिस्ट्रेशन झालं, काकू," ती म्हणाली. "अभिनं ट्रान्सफर पण ॲक्सेप्ट केली."

वरातीमागून घोडं आणलं होतं मी, आणि वर माळ घालून.

तिनं माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं. हुशार पोरगी. "तुम्हाला हे कधी आठवलं?"

'आज सकाळी' म्हणता आलं असतं. सगळा मंटप तसंच समजत होता. म्हातारीला ऐनवेळी आठवलं, देवीची कृपा, असं बायका म्हणतही होत्या. ती खोटी गोष्ट पुढ्यात तयार वाढून ठेवलेली होती. पण तिच्याशी मी आणखी खोटं बोलू शकले नाही.

"पहिल्याच शुक्रवारी," मी म्हटलं.

"म्हणजे मी विचारलं तेव्हा..."

"माहीत होतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"तू यायची बंद झाली असतीस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं की कसलं, मला आजही सांगता येत नाही. ती हळूच म्हणाली, "मी काय रेल्वेसाठी येत होते का, काकू?"

माझ्या मनात हे एकदासुद्धा आलं नव्हतं, की ती माझ्यासाठी येत असेल. अडुसष्ट वर्षांत कुणी आलं नव्हतं, त्यामुळे तसं कुणी येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर गल्ली आपापल्या घरी गेली. त्यात त्यांची चूक नाही, पोटापाण्याची माणसं. पंधरा दिवस कुणी बाजारात भेटलं की "अक्का, तुम्ही वाचवलंत" म्हणायचं, मग तेही थांबलं. रघुपती आता पाण्याच्या टँकरच्या मागे लागले. अश्लेषानं रघुपतींना काही सांगितलं नाही, कुणालाच नाही. ती सांगती तर बरं झालं असतं. लोकांच्या शिव्या खाऊन मोकळी तरी झाले असते. तिनं मला गल्लीत चांगली ठेवली आणि स्वतः माझ्याकडे यायची थांबली.

भिंतीपलीकडून आठवडाभर खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचे आवाज येत होते. मी दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. काय बोलणार? माफ कर म्हणणार? ती म्हणाली असती, इट्स ओके. आणि मग ते तसंच ओके होऊन संपलं असतं.

शनिवारी सकाळी दहाला ट्रक निघून गेला. मागून त्यांची गाडी निघायची होती. अभिमन्यू चालवायला बसला. मी फाटकात उभी होते, इस्त्रीची साडी नेसून. निरोपाला कसं जायचं तसं. रघुपती त्यांच्या कट्ट्यावर पेपर वाचत होते.

अश्लेषा कुलूप लावून आली. मला वाटलं, तशीच गाडीत बसेल. पण ती माझ्यासमोर येऊन थांबली. केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. मी तोंड उघडायच्या आत ती बोलली.

"आंटी, गॅस का कनेक्शन बंद करवा दिया है. नए लोग सोमवार को आएँगे. कुछ लीक वगैरह लगे तो प्लीज उनको बता दीजिएगा."

हिंदीत. ऑफिसातल्या शिपायाशी, गेटवरच्या वॉचमनशी, कुरियरवाल्याशी बोलतात त्या हिंदीत. शब्द सगळे अदबीचे होते. एक तापट शब्द नाही, आवाज चढवलेला नाही. मला वाटलं, हिनं मला थोबाडीत मारली असती तर मी तिच्या पाया पडले असते.

"जी," मी म्हटलं. माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

ती गाडीत बसली. दार लागलं, काच वर गेली, गाडी हलली. मी फाटक सोडून रस्त्याच्या मधोमध आले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते एवढ्या मोठ्यानं ओरडले, "अश्लेषा! पोचलीस की कळव गे! वाटेत उपाशी राहू नका! आणि नवं घर घेतलंस तर बिनधास्त खिळे मार!"

गाडी गल्लीच्या तोंडाशी थोडी थांबली. पुढे एक टँकर आडवा होता, म्हणून असेल. टँकर सरकला आणि ती वळून गेली.

मी तिथेच उभी राहिले. दोन-तीन बायका दारात आल्या होत्या, मला बघून पुन्हा आत गेल्या. रघुपतींनी पेपर खाली केला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "काय म्हणालात, अक्का?"

कन्नडमध्ये सांगता आलं असतं. शब्द न् शब्द येत होता.

"काही नाही," मी म्हटलं, आणि पदर सावरून घरात आले.